तुमच्याकडनं नेल्यापासनं

मेकॅनिकला सगळ्यात जास्त कोणतं वाक्य टोचतं, असं मला कुणी विचारलं तर उत्तराला वेळ लागणार नाही. गिऱ्हाईक गॅरेजच्या दारात येतं, जरा घुटमळतं, इकडंतिकडं बघतं आणि म्हणतं, “मेजर, गाडी तुमच्याकडनं नेल्यापासनं...” त्याच्यापुढं काहीही येऊ शकतं. तुमच्याकडनं नेल्यापासनं हॉर्न वाजत नाही. दार करकरतं. एका पाहुण्यानं तर सांगितलं होतं की गाडी नेल्यापासनं मंडळी गाडीत बसायला तयार नाहीत. मी फक्त ब्रेक बघितले होते.

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं याची मोजदाद नाही. बहुतेक वेळा त्यात माझा काही दोष नसायचा. पण एकदा होता, आणि पुरता होता.

आधी ‘मेजर’चं सांगून टाकतो. मी फौजेतून हवालदार म्हणून बाहेर पडलो. गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये सगळी नोकरी गेली, बर्फातही आणि वाळूतही. पण आमच्या सातारा भागात पेन्शनीत आलेला प्रत्येक फौजी मेजरच असतो. सुरुवातीला मी लोकांची चूक दुरुस्त करायचो. मग सोडून दिलं. कोरेगावात स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला पत्र्याचं शेड घातलं, पाट्या रंगवणाऱ्यानंही माझ्या नावापुढं न विचारता मेजर लिहिलं, आणि ते तसंच राहिलं. आता गॅरेज भाचा बघतो. मी दुपारच्या जेवणापर्यंत बसतो आणि नको तिथं सल्ले देतो.

माझा हात सगळ्यात जास्त बसला तो पेट्रोल गाड्यांवर, आणि त्यातही प्लगवर. ज्यांनी कधी बॉनेट उघडलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा एकत्र कोंडली जाते आणि तिला ठिणगी दिली की भडका होऊन गाडी पुढं ढकलली जाते. ती ठिणगी देणारी वस्तू म्हणजे प्लग. करंगळीपेक्षा थोडा जाड. वरून पांढऱ्या चिनीमातीचा, खाली आटे, आणि टोकाला दोन लोखंडी बारीक जिभा. त्या दोन जिभांमध्ये तीन-चार पोस्टकार्डांच्या जाडीएवढी फट असते. त्या फटीतून ठिणगी उडी मारते. हजारो मैल उड्या मारून मारून त्या जिभा झिजतात, फट वाढते, आणि मग ठिणगीला उडी झेपत नाही. गाडी सकाळी उठायला कुरकुर करते, पेट्रोल जास्त पिते, चढाला दम टाकते.

प्लग काढायचा तोही इंजिन गार झाल्यावर. आधी भोवतालची धूळ हवेनं उडवायची, नाहीतर ती खड्ड्यातून थेट इंजिनच्या पोटात. लांब नळीचा प्लगपाना सरळ बसवायचा. हे ‘सरळ’ ध्यानात ठेवा. बाहेर आलेला प्लग हा त्या इंजिनचा चेहरा असतो. टोक चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं तांबूस असेल तर सगळं ठीक. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय, किंवा मालक गाडी फक्त घर ते चौक एवढीच फिरवतोय. तेलकट असेल तर आतून इंजिन झिजलंय. पांढरं फटक पडलं असेल तर इंजिन तापतंय.

एवढं बघून गाडीबद्दल पुष्कळ सांगता येतं, आणि तेच माझ्या डोक्यात गेलं. त्याला कारण झाले घेवड्याचे एक व्यापारी, आण्णा. रहिमतपूरकडचे. ते एक दिवस एसटीनं आले आणि खिशातून गाठ मारलेला रुमाल काढून माझ्या टेबलावर सोडला. आत चार प्लग. मी विचारलं गाडी कुठाय, तर म्हणाले घरी. मग प्लग कशाला आणले, तर म्हणाले, दवाखान्यात तपासणीला बाटली नेतो, आख्खा माणूस आत घालतो का?

मी प्लग एका ओळीत मांडले. तीन काजळलेले, एक तेलकट. मी म्हणालो, आण्णा, तुमची गाडी रोज फक्त मार्केट यार्डापर्यंत जाते आणि परत येते. आण्णा चकित झाले. मग म्हणालो, एका सिलिंडरमध्ये तेल चढतंय. त्यांनी विचारलं कुठल्या. आता रुमालात चारही प्लग एकमेकांत मिसळलेले. काढलेला प्लग कुठल्या खड्ड्यातला हे कळावं म्हणून आम्ही पुठ्ठ्याला चार भोकं पाडून त्यात ओळीनं खोचतो. रुमालाला ती सोय नाही. आण्णा बिचारे दुसऱ्या दिवशी गाडी कुणाच्या तरी ट्रॅक्टरला बांधून घेऊन आले. पण तेव्हापासून ते यार्डात सांगत सुटले की मेजर प्लग बघून गाडीची कुंडली सांगतो. लोक तसं म्हणायला लागले आणि मलाही ते खरं वाटायला लागलं. मी गिऱ्हाइकाचं बोलणं पूर्ण व्हायच्या आतच दुखणं सांगायला लागलो.

अशा दिवसांत शालनवहिनींची गाडी आली.

शालनवहिनींची कोरेगावात पिठाची गिरणी आहे. त्यांचे यजमान माझे शाळेतले सोबती. ते गेले, त्यांच्या मागं गिरणी आणि एक पांढरी छोटी पेट्रोलची गाडी राहिली. एकुलता मुलगा प्रवीण फौजेत, लांब सरहद्दीवर. गाडी दारात ताडपत्रीखाली पडून होती. मग एक दिवस साठी ओलांडलेल्या या बाईनं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. गिरणीत दळण टाकून बायका हसायच्या. वहिनी कानाला पदर गुंडाळून जात्याकडं लक्ष ठेवायच्या. पहिल्याच परीक्षेत त्यांना लायसन्स मिळालं.

त्यांना गाडी शिकायची होती ती थोरल्या बहिणीसाठी. बहीण सांगलीजवळ माधवनगरला. त्यांना सगळे आक्का म्हणतात. उमेदीत सूतगिरणीत कांड्यांवर सूत भरायच्या, त्यांचे यजमानही तिथंच कामाला होते. चार वर्षांपूर्वी आक्का पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून त्यांचं कोरेगावला बहिणीकडं माहेरपणाला येणं बंद झालं. एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवत नव्हत्या. भाड्याच्या गाडीत एकदा बसवलं तर ड्रायव्हर घाईचा, पाय मोकळा करायला कुठं थांबेना. त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही. दोघी बहिणी रोज फोनवर बोलायच्या, पण भेट वहिनी एसटीनं जातील तेव्हाच.

गाडी पुष्कळ दिवस उभी होती म्हणून वहिनींनी माझ्याकडं सगळं तपासायला आणली. मी तेल बदललं, ब्रेक बघितले, प्लग काढले. छान तांबूस होते. घासले, फट मापाच्या पट्टीनं ठाकठीक केली आणि परत बसवले. त्या दिवशी गॅरेजात गर्दी होती. मी एका हातानं प्लगपाना फिरवत होतो आणि मान वळवून यार्डातल्या दोघांना आण्णांच्या रुमालाची गोष्ट सांगत होतो.

आठवड्यानं वहिनी दारात उभ्या. तुमच्याकडनं नेल्यापासनं, त्या म्हणाल्या, गाडी चढाला हिसके देते.

मी गाडी सुरू केली. जागेवर इंजिन शांत चालत होतं. गावातून एक फेरी मारली, सपाट रस्ता, काहीच नाही. मी त्यांना समजावून सांगितलं की नवीन माणसाचा क्लचवरचा पाय कच्चा असतो, सोडताना गाडी हिसकते, सवयीनं जाईल. त्यांनी मान हलवली आणि गेल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा आल्या, तेच सांगितलं. मीही तेच सांगितलं, जरा मोठ्या आवाजात.

त्याच सुमाराला प्रवीणचा फोन आला. आई सारखी गाडीची तक्रार करते, काका, नक्की काय आहे? मी सांगितलं, “गाडी टकाटक हाय गड्या. आईचा पाय कच्चा हाय.” एवढंच बोललो. त्या वाक्याचं पुढं काय होणार याची मला कल्पना नव्हती.

ऊसतोडीचे दिवस सुरू झाले. वहिनी एक दिवस साताऱ्याला निघाल्या होत्या. त्रिपुटीच्या चढाला गाडीनं तीन-चार हिसके दिले आणि बंद पडली. मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येत होता. वहिनींनी हँडब्रेक ओढून धरला म्हणून गाडी मागं गेली नाही, आणि ट्रॅक्टरवाला जाणता होता म्हणून त्यानं चाकाला दगड लावून मागची वाहनं अडवली. कुणाला काही झालं नाही. पण वहिनींनी हे सगळं रात्रीच्या फोनवर मुलाला जसं घडलं तसं सांगितलं. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नाही.

महिन्यानं प्रवीण सुट्टीवर आला तो गाडी विकायचं ठरवूनच. कऱ्हाडचं एक गिऱ्हाईकही त्यानं बघितलं. रविवारी ते येऊन गाडी घेऊन जाणार होतं. मला हे यार्डात कळलं. मनात म्हटलं, बरं झालं, या वयात कशाला तो व्याप.

शुक्रवारी सकाळी वहिनी गॅरेजात आल्या. गाडी न घेता, चालत. म्हणाल्या, मेजर, जरा गिरणीत या. मी म्हटलं गिरणीच्या मोटरचं काही काम असेल, हत्यारं घेऊ का? त्या म्हणाल्या, नुसतं या.

गिरणीत कुणी नव्हतं. त्यांनी मला ज्वारीच्या पोत्यावर बसवलं आणि मोटर सुरू केली. जातं फिरायला लागलं, पट्टा पळायला लागला, पत्रा थरथरायला लागला. मला त्या आवाजात काहीच वेगळं वाटेना. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं. मग माझ्या हातावर बोटानं टक, टक, टक असा ठेका धरला. तेव्हा मला ऐकू आलं. पट्ट्याला जिथं सांधा मारला होता तो सांधा पुलीवरून जाताना दर फेऱ्याला एक बारीक आवाज येत होता. इतक्या गोंगाटात तो माझ्या कानाला सापडलाच नसता.

त्यांनी मोटर बंद केली.

“चाळीस वर्सं मी ह्येच ऐकत आल्ये,” त्या म्हणाल्या. “दगड बोथट झाला, पट्टा ढिला पडला, मला हात लावायच्या आदी कळतं. माज्या गाडीत चार ठोकं हायत. चढाला त्यातला एक गळतोय. माजा पाय कच्चा असता तर कवा न कवा सपाटीला पण हिसका बसला असता. तसा एकदा पण बसला न्हाई.”

फौजेत आमचे एक उस्ताद सांगायचे की गाडी कधी खोटं बोलत नाही, ड्रायव्हर बोलतो. मी ते इतकं घट्ट धरून बसलो होतो की खरं बोलणाऱ्या ड्रायव्हरकडंही मी ऐकलं नव्हतं. आणि वहिनींचं म्हणणं तर साधं शहाणपणाचं होतं. सपाटीला इंजिनावर भार नसतो. चढाला आतला दाब वाढतो, ठिणगीला उडी अवघड जाते, आणि तिला दुसरी सोपी वाट मिळाली तर ती तिकडून पळते. हे मला माहीत होतं. मी दुसऱ्यांना शिकवलंही होतं. मी फक्त गाडी घेऊन चढाला गेलो नव्हतो.

तसेच आम्ही गाडी काढली. मी म्हणालो तुम्ही चालवा, मी बाजूला बसतो. त्रिपुटीच्या चढाला लागलो, आणि अर्ध्यात बसला हिसका. माझी नजर त्यांच्या पायाकडं होती. डावा पाय क्लचपासून लांब, पायपुसण्यावर टेकवलेला. उजवा पाय एकसारखा दाबलेला. पुन्हा हिसका, पुन्हा हिसका, एका मापात. मी डोळे मिटले. चारातला एक ठोका गळत होता.

गॅरेजवर येऊन इंजिन गार व्हायची वाट बघितली. मग एकेक प्लग काढून पुठ्ठ्यात खोचला. पहिला चांगला. दुसरा चांगला. तिसऱ्याचं टोकही बिस्किटासारखं तांबूस. मागच्या वेळी मी टोकं बघूनच खूश झालो होतो. या वेळी तिसरा प्लग आडवा धरून उजेडात फिरवला. पांढऱ्या चिनीमातीवर वरपासून खालपर्यंत एक काळसर रेघ होती, केसाएवढी. फडक्यानं पुसली, गेली नाही. नख फिरवलं, नख अडकलं. तडा होता. प्लगवर बसणारी रबराची टोपी उलटी करून बघितली, तर आतही तशीच जळकी रेघ. चढाला ठिणगी टोकापर्यंत न जाता या तड्यातून बाहेरच्या बाहेर पळत होती.

चिनीमातीला असा तडा आपोआप क्वचित जातो. तो जातो पाना तिरका धरला की. आणि त्या गाडीचे प्लग माझ्याशिवाय कुणी काढले नव्हते. मान वळवून आण्णांच्या रुमालाची गोष्ट सांगताना मीच तो पाना तिरका ओढला होता.

त्या वेळी मनात काय काय आलं ते खरं खरं सांगतो. वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. प्लग जुना होता, तडकला, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांना काय कळणार होतं? मग गिरणीतला पट्ट्याचा सांधा आठवला आणि वाटलं, यांना कळेल. प्लग घेऊन मी बाहेर गेलो, रेघ दाखवली, आणि काय झालं, कसं झालं, कुणी केलं, सगळं सांगितलं. त्रिपुटीच्या चढाला ट्रॅक्टरपुढं गाडी बंद पडली तेही माझ्यामुळंच, असं म्हणालो.

त्यांनी प्लग हातात घेतला. तडा नखानं चाचपला. मला वाटलं आता मला बोलतील, आणि बोलायलाच पाहिजे होतं.

“म्हंजी माजा पाय बरा हाय,” त्या म्हणाल्या.

आणि हसल्या. यजमान गेल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. मग म्हणाल्या, हे परवीणला तुमी सांगायचं. मी सांगितलं तर त्याला वाटेल मी तुमाला पढवलं.

मी चारही प्लग नवे घातले, टोप्यांसकट वायरी नव्या घातल्या. प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवत बसवले, मग पाना सरळ धरून बेताचा आवळला. त्या दिवशी गॅरेजात मी कुणाशी बोललो नाही.

संध्याकाळी वहिनींच्या घरी गेलो. प्रवीण अंगणात होता. रविवारच्या गिऱ्हाइकासाठी गाडीचे सीट घासून काढायचे म्हणून साबणाचं पाणी कालवत होता. मी तडकलेला प्लग त्याच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं.

“काका, आईचा पाय कच्चा हाय, हे तुमीच म्हणाला होता,” तो म्हणाला.

“व्हय. मीच म्हणालो होतो. चुकलो.”

पोरगा रागीट नाही, पण काळजीनं पोखरलेला होता. लांब चौकीवर बसून आईची गाडी चढावरून मागं येताना त्यानं मनात किती वेळा बघितली असेल. तो म्हणाला, प्लग बदलला हे ठीक. पण आई एकटी रस्त्यावर, उसाचे ट्रॅक्टर, खड्डे, आणि मी तिकडं. आक्कामावशीला मी उद्या जाऊन आणतो की. हे त्याचं म्हणणं वाजवी होतं.

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. “तू आणशील एकदा,” त्या म्हणाल्या. “परत कोण पोचवणार? आनि पुडच्या वेळी? तू तिकडं असनार. मला एकदापुरती आक्का नगं. मला वाटंल तवा पायजे.”

फौजी माणसाला सुचतं तेच प्रवीणला सुचलं. म्हणाला, उद्या ट्रायल घेऊ. कोरेगाव ते माधवनगर, आई चालवणार, मी बाजूला बसणार. हिसका बसला, किंवा आई कुठं गडबडली, तर रविवारी गाडी कऱ्हाडला. काका, तुम्हीही मागं बसा, हत्यारं घेऊन. मी हो म्हणालो. ती शिक्षाही होती आणि मानही होता.

शनिवारी सकाळी निघालो. वहिनींनी नवी साडी नेसली होती आणि पायात कापडी बूट घातले होते, ते गिरणीतले, पिठानं कायमचे पांढरे झालेले. रहिमतपूरपर्यंत प्रवीणचा उजवा पाय सारखा ब्रेक दाबत होता, आणि त्याच्या बाजूला ब्रेक नव्हता. पुसेसावळीत चहा घेतला. मी बॉनेट उघडून उगाच बघितलं. इंजिन आपलं काम करत होतं.

कडेगावच्या अलीकडं चढ लागला आणि आमच्या पुढं नेमका उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, वरून मोळ्या खाली लोंबणाऱ्या. तो चढाच्या निम्म्यात गेला आणि थांबला. मागच्या ट्रॉलीतून मोळी सुटून रस्त्यावर पडली होती, ती उचलायला माणूस उतरला. वहिनी थांबल्या. मागं एक टेम्पो येऊन उभा राहिला, आमच्या मागच्या बंपरला नाक लावून, आणि हॉर्न वाजवायला लागला.

प्रवीण म्हणाला, आई, मी घेऊ का? वहिनींनी मानेनंच नाही म्हटलं. त्यांनी हँडब्रेक ओढला, गिअर टाकला आणि खिडकीची काच खाली केली. मला वाटलं टेम्पोवाल्याला काही बोलतील. पण त्या इंजिन ऐकत होत्या. पुढचा ट्रॅक्टर हलला. वहिनींनी क्लच हळूहळू उचलला, इंजिनचा सूर जरा जड झाला, आणि त्या सुरावर त्यांनी हँडब्रेक सोडला. गाडी एक बोटभरही मागं आली नाही. बशीतला चहा हिंदकळणार नाही अशी पुढं निघाली. चढ संपेपर्यंत मी एकेक ठोका मोजत होतो. चारांतला एकही गळला नाही.

वर आल्यावर प्रवीणनं आपला उजवा पाय उचलून पोटाशी घेतला आणि सीट थोडी मागं टाकली. पुढं विटा आणि तासगाव त्यानं चक्क झोपून काढलं. आईच्या गाडीत मुलाला झोप लागली, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला तरी माहीत नाही. वहिनींनी एकदा त्याच्याकडं बघितलं, आरशात माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा रस्त्याकडं.

माधवनगरला आक्का वॉकर धरून ओट्यावरच उभ्या होत्या. सकाळपासून पिशवी भरून तयार होत्या असं त्यांच्या सुनेनं सांगितलं. गाडीतून प्रवीण उतरला, मी उतरलो, आणि आक्का ड्रायव्हर कुठाय म्हणून बघत राहिल्या. मग स्टिअरिंगमागून धाकटी बहीण उतरली. फोनवर आक्कांना सगळं माहीत होतं, तरी त्यांना ते डोळ्यानं बघून पटेना. त्यांनी आधी बहिणीच्या तोंडावरून हात फिरवला, मग गाडीच्या बॉनेटवरून. बॉनेट तापलेलं होतं. त्यांनी हात मागं घेतला आणि पुन्हा ठेवला.

जेवण करून दुपारी परत निघालो. आता पुढं आक्का, कारण पुढच्या सीटवर पाय लांब करता येतो. प्रवीण आणि मी मागं, आमच्या दोघांच्या मध्ये वॉकर, आणि मांडीवर आक्कांची हळदीची पिशवी. गाडीत पुढच्या सीटवर बसायची आक्कांची ती पहिलीच वेळ. जन्मभर त्या मागंच बसल्या होत्या, पुरुषमाणसांच्या आणि सामानाच्या मागं. समोरची एवढी मोठी काच आणि तिच्यातून आपल्याकडं धावत येणारा रस्ता, हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. दर अर्ध्या तासाला वहिनी गाडी बाजूला घ्यायच्या. आक्का उतरून चार पावलं टाकायच्या आणि लगेच म्हणायच्या, चला, बसा. कडेगावला रसवंतीवर रस प्यायलो. आक्कांनी सूतगिरणीतल्या गोष्टी काढल्या, वहिनींनी गिरणीतल्या, आणि दोघींनी मिळून एक जुनं जात्यावरचं गाणं म्हणायचा प्रयत्न केला. ते कुणालाच पुरतं आठवेना. प्रवीण खिडकीतून बाहेर बघून हसत होता.

मध्येच त्यानं फोन काढला आणि कऱ्हाडच्या माणसाला गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलं. पलीकडच्यानं कारण विचारलं असावं. प्रवीण म्हणाला, गाडी आईची आहे, तिला लागते.

पुसेसावळी आली. उन्हं कलली होती, रस्ता मोकळा होता. आक्का समोरच्या काचेतून रस्ता बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, “शालन, हळू चालव गं. कोरेगाव इतक्यात येऊ दिऊ नगं.”

वहिनींनी वेग कमी केला. पुढं फाटा होता. सरळ गेलं की रहिमतपूर आणि कोरेगाव, उजवीकडं वळलं की औंधाचा लांबचा रस्ता. वहिनींनी आरशात आमच्याकडं बघितलं. मी काही बोलणार एवढ्यात प्रवीण पुढं वाकला.

“आई,” तो म्हणाला, “औंधावरनं घे.”